एक सोर्स कोड, अनेक युनिक्स

दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे लॉगिन करण्यासाठी वापरला जाणारा ओपनएसएसएच हा मुक्तस्रोत प्रोग्रॅम १९९९ मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी तयार झाला. आज तो लिनक्स, फ्रीबीएसडी, मॅकओएस अशा अनेक सिस्टिमवर चालतो. या साऱ्या युनिक्सच्याच घराण्यातल्या. तरीही एकीसाठी लिहिलेला कोड दुसरीवर जसाच्या तसा कंपाइल होईल याची खात्री नसते. १९८८ च्या पॉसिक्स मानकाने फाइल उघडणे, प्रोसेस सुरू करणे यांसारख्या मूलभूत गोष्टींत एकवाक्यता आणली; त्यापलीकडे प्रत्येकीने आपापली भर घातली. ठरलेल्या जागेबाहेर मजकूर जाऊ न देता स्ट्रिंगची नक्कल करणारे एक फंक्शन ओपनबीएसडीत १९९८ पासून आहे. लिनक्सवर सर्रास असणाऱ्या जीलिबसी लायब्ररीत ते यायला २०२३ साल उजाडले.

ओपनएसएसएचने यासाठी कामाची वाटणीच केली. एक गट फक्त ओपनबीएसडीसाठी नेटका कोड लिहितो, दुसरा तो इतर सिस्टिमवर नेतो. ‘९.८पी१’ सारख्या क्रमांकातला ‘पी’ म्हणजे ही दुसरी, पोर्टेबल आवृत्ती. ही शिस्त फार मोलाची आहे, कारण मूळ कोडमध्ये जागोजागी ‘लिनक्स असेल तर हे, फ्रीबीएसडी असेल तर ते’ अशा अटी पेरल्या की सुरक्षेसाठी तो वाचून तपासणे अवघड होते.

सिस्टिमच्या नावावर विसंबणे तसेही धोक्याचे. पुढच्या आवृत्तीत तीच सिस्टिम बदललेली असते. म्हणून पोर्टेबल आवृत्तीतली ‘कॉन्फिगर’ ही स्क्रिप्ट छोटे छोटे प्रोग्रॅम कंपाइल करून पाहते आणि कोणते फंक्शन आहे, कोणते नाही, याची नोंद एका हेडर फाइलमध्ये करते. जे नसेल त्याचा पर्याय वेगळ्या फोल्डरमधून जोडला जातो. काही गोष्टींना मात्र असा पर्याय नसतो. प्रोसेसचे अधिकार आवळण्यासाठी ओपनबीएसडीत प्लेज, लिनक्सवर सेककॉम्प, फ्रीबीएसडीत कॅप्सिकम. प्रत्येकासाठी निराळा कोड लिहावाच लागतो.

सर्वांत कठीण फरक कंपायलरला दिसत नाहीत. ठरलेल्या वेळात लॉगिन पूर्ण झाले नाही की ओपनएसएसएचचा सर्व्हर सिग्नल हँडलरमधून, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून धावणाऱ्या फंक्शनमधून, लॉगमध्ये नोंद करत असे. ओपनबीएसडीत अशा प्रसंगासाठी २००१ पासून सुरक्षित फंक्शन आहे. जीलिबसीतले नोंद करणारे सिसलॉग फंक्शन मात्र सिग्नल हँडलरमधून बोलावण्याजोगे नाही, कारण तेही मेमरीची जुळवाजुळव करते आणि सिग्नल येतो तेव्हा मुख्य प्रोग्रॅमची तीच जुळवाजुळव अर्धवट राहिलेली असू शकते. कोड दोन्हीकडे विनातक्रार कंपाइल झाला. २०२४ च्या जुलैमध्ये उघड झाले, की जीलिबसी वापरणाऱ्या लिनक्सवर या फटीतून हल्लेखोराला पासवर्डशिवाय रूटचे अधिकार मिळू शकतात. ओपनबीएसडी सुरक्षित होती. दुरुस्ती ९.८पी१ मध्ये आली.

फंक्शन ‘आहे’ एवढे कळून भागत नाही. ते कसे वागते हे त्या त्या सिस्टिमवर चालवूनच पाहावे लागते. ओपनएसएसएचचे विकासक नव्या आवृत्तीआधी वापरकर्त्यांना आपापल्या सिस्टिमवर चाचण्या चालवून निकाल कळवण्याचे आवाहन करतात.