डबा तोच, आवाज निराळा?
(बी. ए. द्वितीय वर्ष)

भजनाला बसण्यापूर्वी पखवाजवादक प्रथम काय करतो, हे आपल्या भागातील लहान मुलांनाही ठाऊक असते. तो ओल्या कणकेचा गोळा घेतो व पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापतो. खोड तेच, चामडे तेच, वाद्याही त्याच. परंतु कणीक कमीजास्त झाली की आवाज बदलतो. ज्यांनी नरसी नामदेवला किंवा आपल्या गावच्या सप्ताहात भजन ऐकले आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

गाणी ऐकविणाऱ्या नव्या यंत्रांतही अशीच एक ‘कणीक’ असते. तिला फर्मवेअर म्हणतात. यंत्र कारखान्यातून बाहेर पडल्यावरही ती घरबसल्या, इंटरनेटवरून बदलता येते. मग यंत्र तेच असताना फर्मवेअर बदलल्याने आवाज बदलतो काय? मी कला शाखेची विद्यार्थिनी. हा प्रश्न माझ्या अभ्यासक्रमातला नव्हे. पण तो आमच्या घरात उभा राहिला आणि त्यावर पैसे खर्च होण्याची वेळ आली, म्हणून मला त्याच्या मागे लागावे लागले.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. म्युझिक स्ट्रीमर म्हणजे एक लहानसा डबा. तो इंटरनेटवरून किंवा घरातील संगणकावरून गाणे घेतो आणि अॅम्प्लिफायरला देतो. गाणे त्याच्याकडे आवाज म्हणून येत नाही, आकड्यांच्या रूपाने येते. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीचे उदाहरण घ्या. तिच्यात आवाजाचे माप एका सेकंदात ४४,१०० वेळा घेतलेले असते आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसविलेले असते. डावी व उजवी बाजू धरून एका सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. डब्यातील एक चिप हे आकडे पुन्हा विजेच्या लहरीत बदलते. आकडे ठरलेल्या ठेक्यात पुढे जावेत म्हणून आत एक घड्याळ असते. या सर्वांनी काय करावयाचे याच्या सूचना म्हणजे फर्मवेअर. हा शब्द अॅशर ऑपलर या अमेरिकन लेखकाने १९६७ साली रूढ केला. ना पुरते हार्डवेअर, ना पुरते सॉफ्टवेअर; दोहोंच्या मधले, म्हणून हे नाव.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. पुष्कळ शौकीन लोक म्हणतात की नवीन फर्मवेअर घातल्यावर गाण्याला ‘खोली’ आली, गायकाचा गळा ‘मोकळा’ झाला. यात खरे किती? माझ्या समजुतीप्रमाणे याचे दोन भाग पाडले पाहिजेत.

पहिला भाग, जेथे आवाज खरोखर बदलू शकतो. फर्मवेअरमध्ये आवाज लहानमोठा करण्याचे गणित असते. काही गाणी मोठ्या आवाजात ध्वनिमुद्रित झालेली असतात, काही हळू. ती सर्व एका पातळीवर आणण्याची सोय असते. सेकंदाला ४४,१०० मापांचे गाणे ४८,००० मापांत बदलले जाते, तेथेही गणित असते. खर्ज व तार स्वरांचे प्रमाण, खोलीच्या भिंतींप्रमाणे करावयाची दुरुस्ती, चिपमधील गाळणीची निवड, ही सर्व सूचनांवरच चालतात. सूचना बदलली तर चिपकडे जाणारे आकडे बदलतील आणि आकडे बदलले तर आवाजही बदलू शकेल. अॅपलच्या एअरपॉड्स प्रो या कानात घालावयाच्या यंत्राचे असेच झाले. फर्मवेअर बदलल्यानंतर बाहेरचा गोंगाट, विशेषतः खर्जातला, पूर्वीपेक्षा कमी अडविला जातो, असे आरटिंग्ज या चाचणी करणाऱ्या संस्थेने २०२० च्या आरंभी मोजून दाखविले. तेव्हा लोकांची तक्रार निव्वळ कल्पना नव्हती.

दुसरा भाग, जेथे आवाज बदलण्याचे कारणच उरत नाही. वरीलपैकी काहीही न करता आलेले आकडे जसेच्या तसे चिपकडे पोचत असतील, तर नव्या फर्मवेअरने गायकाचा गळा मोकळा होण्यास जागा कोठे आहे? परभणी केंद्र ज्यांनी मध्यम लहरींवर ऐकले आहे, त्यांना वीज चमकली की होणारी खरखर माहीत आहे. तेथे प्रत्येक अडथळा आवाजात मिसळतो. आकड्यांचे तसे नाही. इंटरनेटवरून येणाऱ्या तुकड्यांची वाटेत तपासणी होते आणि हरवलेला तुकडा सहसा पुन्हा मागविला जातो. फारच उशीर झाला तर गाणे अडखळेल किंवा थांबेल. पण ते ‘दबके’ होणार नाही. २००१ साली निघालेल्या फ्लॅक या पद्धतीत तर मूळ ध्वनीची एक खूणगाठ फाइलमध्येच ठेवता येते. गाणे उलगडल्यावर खूणगाठ जुळली, म्हणजे एकही आकडा बदलला नाही.

मग एवढे जाणते लोक फसतात कसे? याचे उत्तर मला घरीच मिळाले. आमचे तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, तीस वर्षांहून अधिक काळ पखवाज वाजवितात. त्यांच्या मुलाने पुण्याहून असा एक डबा आणून दिला आहे. एके दिवशी फर्मवेअर बदलले आणि तात्या म्हणाले, “आवाज बसला.” दुकानदाराने नवी भारी वायर व पुढे जमल्यास नवा डबा घेण्याचा सल्ला दिला. हळदीचे पैसे नुकतेच हातात आले होते. त्या पैशांवर पुढच्या लावणीचा खर्च व माझ्या धाकट्या भावाची फी अवलंबून होती.

घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच, म्हणून कंपनीची सूचना वाचण्याचे काम माझ्याकडे आले. तिच्यात ‘काही दोष दूर केले, कामगिरी सुधारली’ एवढेच होते. मी डब्याची एकेक खूण तपासली. तेव्हा दिसले की सर्व गाणी एका पातळीवर आणण्याची जी सोय तात्यांच्या मुलाने बंद ठेवली होती, ती नव्या फर्मवेअरबरोबर आपोआप सुरू झाली होती. त्यामुळे भजने पूर्वीपेक्षा हळू वाजत होती.

मग एक परीक्षा घेतली. तात्यांनी पाठ करून बसायचे. मी नाणे उडवून ती सोय कधी चालू, कधी बंद ठेवायची. दहाही वेळा त्यांनी बरोबर ओळखले. निव्वळ अंदाजाने असे घडण्याची शक्यता १,०२४ मध्ये एक. नंतर मोबाइलवरील मापकाने दोन्ही आवाज सारख्या पातळीवर आणले. या वेळी दहापैकी पाचच उत्तरे बरोबर आली. म्हणजे नाणे उडविण्यासारखेच. तात्या हसून म्हणाले, “पोरी, यंत्रातलं मला काय कळतंय, पण आवाज बसला होता, हे तर खरं होतं ना?” ते खरेच होते. त्यांचा कान चुकला नव्हता. कारण मात्र वेगळे होते. थोडासा मोठा आवाज कानाला अधिक चांगला वाटतो, हा मनुष्यस्वभाव आहे. शिवाय जुने फर्मवेअर बहुधा परत घालता येत नाही. त्यामुळे कालच्या आवाजाशी आजच्याची तुलना केवळ आठवणीवर करावी लागते, आणि आवाजाची आठवण फार लवकर पुसट होते. वायर घेतली नाही. पैसे शेताला व शाळेला लागले.

मात्र फर्मवेअरचा प्रश्न केवळ आवाजाचा नाही. मे २०२४ मध्ये सोनॉस कंपनीने आपले मोबाइलवरील अॅप नव्याने दिले. त्यात पूर्वीच्या अनेक सोयी नव्हत्या. स्पीकर तेच होते, पण ते चालविणे लोकांना कठीण झाले. कंपनीच्या प्रमुखांना क्षमा मागावी लागली आणि जानेवारी २०२५ मध्ये ते पदावरून गेले. उलट स्क्वीझबॉक्स हा स्ट्रीमर लॉजिटेकने २०१२ साली बंद केला, तरी त्याचे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले असल्यामुळे वापरणाऱ्यांनीच ते चालू ठेवले आणि ते जुने डबे अजून गातात. यंत्र आपण विकत घेतो. पण त्यातील सूचनांचा मालक दुसराच असतो, हा याचा अर्थ.

म्हणून वाचकांना एवढेच सांगावेसे वाटते. फर्मवेअर बदलण्यापूर्वी आपल्या डब्यातील सर्व खुणा वहीत लिहून ठेवाव्यात व नंतर ताडून पाहाव्यात. आवाजाची पातळी सारखी केल्याशिवाय चांगलेवाईट ठरवू नये. सुरक्षिततेसाठी आलेली दुरुस्ती टाळू नये. आणि ‘कामगिरी सुधारली’ असे कोणी सांगितले, तर नेमके काय बदलले हे विचारण्याचा हक्क सोडू नये. पखवाजवादक आपल्या हाताने कणीक लावतो, म्हणून किती लावली हे त्याला ठाऊक असते. आपल्या डब्यात ती दुसरा कोणी लावीत असेल, तर निदान किती लावली, हे तरी त्याने आपल्याला सांगितले पाहिजे.