जुन्या मोटारींची धावती जत्रा

मोटारींच्या शर्यती म्हटल्या की ‘तो पुरुषांचा प्रांत, आपल्याला काय त्यातलं कळतंय’ असं म्हणून आपण बायका मोकळ्या होतो. पण इंग्लंडात दर सप्टेंबरला गुडवुड इथे जुन्या मोटारींच्या शर्यतींचा तीन दिवसांचा मेळा भरतो, तो पाहिलात तर हे मत बदलावं लागेल. नणंदेकडे राहायला गेले होते तेव्हा तिच्याबरोबर मी एक दिवस तिथे काढला. इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही, तरी दिवस कधी मावळला ते समजलं नाही.

गुडवुड हे ससेक्स परगण्यातलं ठिकाण. दुसऱ्या महायुद्धात तिथे लढाऊ विमानांचा तळ होता. त्या तळाभोवती फिरणारा रस्ता युद्धानंतर मोकळा पडला, आणि जागेचे मालक ड्यूकसाहेब पडले मोटारवेडे! १८ सप्टेंबर १९४८ ला त्या रस्त्यावर शर्यती सुरू झाल्या. पुढे गाड्यांचे वेग वाढले, रस्ता धोक्याचा ठरू लागला आणि १९६६ साली शर्यती थांबल्या. पहिल्या शर्यतींनंतर बरोबर पन्नास वर्षांनी, १९९८ मध्ये, ड्यूकच्या नातवाने त्या पुन्हा सुरू केल्या. मात्र गाड्या त्याच जुन्या काळातल्या हव्यात.

प्रेक्षकही त्याच काळातला पोशाख करून येतात. ठिपक्यांचे झगे, हातमोजे, पिसं खोवलेल्या टोप्या! मी आईची जुनी व्हॉइलची साडी नेसले होते. (साडीचं हे एक बरं असतं, ती कुठल्याही काळात खपून जाते.) प्रेक्षकांच्या जुन्या गाड्या उभ्या करायला वेगळं मैदान असतं. तिथे मॉरिस ऑक्सफर्ड दिसली आणि माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. आपली अँबॅसडर हिच्यावरूनच घडवलेली.

शर्यतीआधी गाड्या तयार होत असतात त्या बाजूला आधी जावं. तिथे एक गोडसर, जळका वास नाकात शिरतो. ओळखीचा, पण नाव आठवेना. नणंदेने सांगितलं, एरंडेल! लहानपणी नाक दाबून प्यालेलं तेच ते. खूप तापलं तरी ते यंत्राच्या भागांना धरून राहतं, म्हणून शर्यतीच्या इंजिनांत एरंडेलाचं वंगण घालण्याची रीत होती. हौशी मंडळी अजूनही घालतात.

आता खरी गंमत, किंवा खरा प्रश्न म्हणा. फेरारी कंपनीच्या २५० जीटीओ या गाड्या १९६२ ते ६४ मध्ये अवघ्या छत्तीस बनल्या. त्यातली एक २०१८ साली लिलावात चार कोटी चौऱ्याऐंशी लाख डॉलरला गेली. असल्या गाड्या इथे एकमेकींना चिकटून पळवतात, कधी ठोकरतात, पत्रा चेपतो. माझा तर जीवच वर गेला. हा श्रीमंतांचा माज नाही का?

पण आपली पैठणी आठवा. ट्रंकेत वर्षानुवर्षं घडीत राहिलेली पैठणी घडीवरच चिरते. मोटारीचंही तसंच. उभी ठेवली की रबर वाळतं, टाकीतलं पेट्रोल चिकट होतं, ब्रेक धरून बसतात. पळवली तर ती जिवंत राहते, पण मूळचा पत्रा एकदा बदलला की बदललाच. म्हणून काही मालक अस्सल गाडी घरी ठेवून तिची हुबेहूब प्रत पळवतात. मला विचाराल तर अस्सल गाडीच पळवावी, पण बेताने. पत्रा सरळ करता येतो, माणसाचं तसं नाही. स्टर्लिंग मॉस हा नामांकित चालक १९६२ च्या एप्रिलमध्ये याच रस्त्यावर आदळला, महिनाभर बेशुद्ध होता. त्याची कारकीर्द तिथेच संपली.

मुलं बरोबर असतील तर त्यांची शर्यत चुकवू नका. तीही याच मोठ्या रस्त्यावर होते, पायांनी चालवायच्या पत्र्याच्या मोटारींची. जे-४० नावाच्या या मोटारी ऑस्टिन कंपनीने वेल्समधल्या बारगोड गावी १९४९ पासून १९७१ पर्यंत बनवल्या. बनवणारे कोण, तर कोळशाच्या धुळीने फुप्फुसं निकामी झालेले खाणकामगार! खाणीत उतरणं जमेना, त्यांना बसून करण्याजोगं काम मिळावं म्हणून तो कारखाना काढला होता. पत्रा वापरायचा तो मोठ्या मोटारींच्या कारखान्यातल्या कातरणीचा. शिट्टी झाली की पोरं धावत जाऊन गाडीत बसतात आणि जीव खाऊन पाय मारतात. एवढा ओरडा मोठ्यांच्या शर्यतीलाही होत नाही.

जाणार असाल तर तिकिटं आधी काढा, दारावर मिळत नाहीत. जमीन गवताची आहे, उंच टाचा रुततात. पाऊस केव्हाही येतो. लहानांच्या कानांवर लावायला आवाज अडवणारी कानझाकणं न्या. आणि जागा धराल ती शेवटच्या वळणांपाशी. तिथे गाड्यांना वेग आवरावा लागतो, त्यामुळे चालकाचे हात चाकावर कसे झुंजतात ते डोळ्यांनी दिसतं.