सुताशिवायचं कापड

जून उजाडला की मुंबईत डिलाईल रोडवर ताडपत्र्या चढायला लागतात. आधी भाजीच्या गाड्यांवर आणि वडापावच्या टपऱ्यांवर, पुढे गणपतीच्या मंडपांवर. निळ्या, पिवळ्या, चंदेरी. बघणारा त्यांना प्लास्टिक म्हणतो आणि ते प्लास्टिक आहेच. पण फाटक्या ताडपत्रीची कड बोटांत धरून नीट पाहा. चपट्या पट्ट्यांचा ताणा आणि बाणा उघड दिसतो, एखादी पट्टी ओढून बाहेरही काढता येते. पॉलिथिनच्या पट्ट्या मागावर विणून त्यावर दोन्ही बाजूंनी पातळ थर चढवला की ताडपत्री होते. म्हणजे प्लास्टिक असली तरी ती विणलेली वस्तू आहे.

त्याच गाडीवर भाजीवाला जी मऊ, रंगीत, कापडासारखी पिशवी देतो, तिची कड पाहा. सूत सापडणार नाही, ताणा नाही, बाणा नाही. ती विणलेलीच नाही. ज्या वस्तीत एकेकाळी घरोघरी गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे विणकामाला, नाही तर कार्डिंगला काम करणारं माणूस होतं, बोटांत धरून कापडाचा पोत सांगणारी माणसं होती, तिथेही या नव्या कापडांबद्दल बरेच गैरसमज पक्के बसले आहेत. कापडाची मूळ जाण इथे असल्यामुळे ते दूर करणंही सोपं आहे, असं मला वाटतं.

‘ही कापडी पिशवी आहे, चालते’

सगळ्यांत पसरलेला गैरसमज हाच. पिशवी कापडासारखी दिसते, सळसळत नाही, वर शिलाई असते. म्हणून ती ‘कापडी’. वस्तुस्थिती अशी की ही पिशवी पॉलिप्रॉपिलीनची असते. प्लास्टिकच्या बादल्या आणि डबे ज्या घराण्यातल्या प्लास्टिकचे होतात, तेच हे. त्याचे दाणे वितळवतात, बारीक भोकांच्या चकतीतून तंतू खाली सोडतात, हवेच्या झोताने ते ताणून चालत्या पट्ट्यावर अस्ताव्यस्त पसरवतात आणि तापलेल्या दोन रुळांमधून तो थर काढतात. एका टोकाला दाणे, दुसऱ्या टोकाला कापडाचा तागा. मधे सूतकताई नाही, माग नाही. धंद्यात या कापडाला ‘स्पनबाँड’ म्हणतात.

फसगत कुठे होते तेही सांगतो. पिशवीवर बारीक ठिपक्यांची किंवा चौकटींची एकसारखी नक्षी असते, आणि डोळा तिला वीण समजतो. प्रत्यक्षात तापलेल्या रुळावरच्या उंचवट्यांनी जिथे जिथे तंतू वितळून एकमेकांना चिकटले, त्या जागा म्हणजे हे ठिपके. तेच या कापडाचे सांधे. दोन ठिपक्यांमधले तंतू मोकळे राहतात, म्हणून पिशवी हाताला मऊ लागते.

खात्री करायची तर कापड बाजारातली जुनी परीक्षा आहे, ती उघड्या जागी, चिमट्यात छोटा तुकडा धरून करावी. सुती चिंधी भरभर जळते, जळक्या कागदाचा वास येतो आणि मागे राखाडी राख उरते. या पिशवीचा तुकडा आधी आक्रसतो, वितळतो, मेणबत्तीसारखा वास सोडतो आणि थंड झाल्यावर त्याची टणक गोळी होते. जाळायचं नसेल तर पाण्यात टाका. हे प्लास्टिक पाण्याहून हलकं असल्यामुळे तरंगतं. भिजलेली सुती चिंधी तळाला जाते.

कायद्यानेही या पिशव्यांना प्लास्टिकच मानलं आहे. महाराष्ट्र सरकारच्या मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीत नॉनवोवन, म्हणजे न विणलेल्या, पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्यांचा नावानिशी उल्लेख होता. केंद्राच्या नियमांनी ३० सप्टेंबर २०२१ पासून नॉनवोवन प्लास्टिकची पिशवी ६० जीएसएमपेक्षा, म्हणजे चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा, हलकी नसावी असं ठरवलं. हिशेब घरी करता येतो. सोळा इंच बाय बारा इंचाची पिशवी दोन्ही बाजू मिळून साधारण पाव चौरस मीटर भरते. तेव्हा ती, बंद सोडून, पंधरा ग्रॅमच्या आसपास भरायला हवी. बाजारात मिळणाऱ्या झिरझिरीत डी-कट आणि डब्ल्यू-कट पिशव्या काट्यावर ठेवून पाहा. जाड पिशवी पुन्हा पुन्हा वापरली तर उपयोगाची आहे, यात वाद नाही. पण एकदा वापरून फेकलेली ही पिशवी नाल्यात प्लास्टिकसारखीच तुंबते.

‘उन्हात भुगा होतो, म्हणजे ती कुजते’

खिडकीत लटकवलेली पिशवी काही महिन्यांत हात लावताच चुरते. ‘बघा, मातीला मिळाली’ असं त्यावर म्हटलं जातं. ती मातीला मिळालेली नसते. उन्हातले अतिनील किरण पॉलिप्रॉपिलीनच्या लांब साखळ्या तोडतात, कापड ठिसूळ होतं आणि त्याचे बारीक तुकडे होतात. तुकडा प्लास्टिकचाच राहतो, फक्त उचलता येत नाही. मला तर हा गैरसमज पहिल्यापेक्षाही घातक वाटतो, कारण तो निर्धास्त करतो.

आणि ही उणीव दूर करता येते, हेच या कापडांवरच्या संशोधनाचं काम. वितळलेल्या प्लास्टिकमध्ये किरणांचा मारा थोपवणारी द्रव्यं अगदी थोड्या प्रमाणात मिसळली की तेच कापड उन्हात कितीतरी जास्त टिकतं. सोलापूरकडचे डाळिंबवाले झाडांवर जे पांढरं क्रॉप कव्हर घालतात, जळगावकडे केळीच्या घडाला जी स्कर्टिंग बॅग चढते, ते हेच स्पनबाँड. चौरस मीटरला वीसएक ग्रॅम इतकं हलकं, हवा खेळू देणारं आणि उन्हाचा चटका व कीड अडवणारं. शेतीसाठीच्या अशा कापडांचं केंद्र सरकारने नेमलेलं उत्कृष्टता केंद्र डिलाईल रोडपासून फार लांब नाही. ते वरळीच्या ‘सस्मिरा’त आहे. १९५० साली रेशीम आणि कृत्रिम रेशमाच्या गिरण्यांसाठी निघालेली ही संशोधन संस्था.

‘विणलं नाही, त्याला जोर कसला?’

गिरणीत आयुष्य काढलेल्या माणसाने असं म्हटलं तर ते समजण्यासारखं आहे. पण नॉनवोवनचा एक मोठा प्रकार त्याच्याच खात्यातून निघतो. गाठी फोडायच्या, तंतू मोकळे करायचे, कार्डिंग यंत्राच्या दातेरी रुळांवर विंचरून त्यांचा पातळ थर काढायचा. इथवर सगळं गिरणीसारखंच. फरक पुढे पडतो. गिरणीत त्या थराचा पेळू होऊन सुताकडे जातो. इथे ते थर एकावर एक आडवे अंथरतात आणि बारीक काटे असलेल्या हजारो सुया त्यात वरखाली मारतात. गोधडीचे टाके घालावेत तसं, फक्त दोरा नाही. प्रत्येक सुई वरचेच काही तंतू ओढून खालच्या थरात अडकवते. याला नीडल-पंचिंग म्हणतात.

असं जाड कापड रस्त्याच्या भरावाखाली, धरणाच्या मातीत, कचराभूमीच्या तळाशी अंथरतात. ते पाणी जाऊ देतं आणि माती धरून ठेवतं. वजन सोसण्याच्या बाबतीत विणलेलं कापड सरस ठरतं, हेही खरं. ताण सरळ धाग्यांवर येतो. म्हणून जिथे ओढ सोसायची तिथे विणलेलं आणि जिथे गाळायचं तिथे नॉनवोवन, अशी निवड होते. फाटायला लागल्यावर मात्र नॉनवोवन धागा-धागा उसवत नाही. या कापडांची तपासणी घाटकोपरच्या ‘बीटीआरए’त होते. ही १९५४ सालची संस्था मुंबईच्या सुती गिरण्यांच्या काळात उभी राहिली आणि आज अशा भू-वस्त्रांचं, म्हणजे मातीत अंथरायच्या कापडांचं, उत्कृष्टता केंद्र तिथे आहे. नॉनवोवनचं केंद्र इचलकरंजीत डीकेटीईकडे आहे. मागांच्या गावात मागाशिवायच्या कापडाचा अभ्यास व्हावा, हे मला फार योग्य वाटतं.

‘नायलॉन-टेरिलीनने गिरण्या खाल्ल्या’

असं म्हणणारी माणसं परळ-लालबागमध्ये आजही भेटतात. वर्षांचा मेळही विचित्र आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्याच वर्षी रायगडात पाताळगंगेला पॉलिस्टर धाग्याचा मोठा कारखाना चालू झाला. पण कृत्रिम धागा त्याआधीच घरात आला होता. शहाडचं रेयॉन, गोरेगावचं नायलॉन, ठाण्याचं टेरीन (पॉलिस्टर) हे पन्नास आणि साठच्या दशकांतलं. टेरिकॉट तर मुंबईच्या गिरण्यांनीही विणलं. गिरण्या बंद पडल्या त्यामागे भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांचं स्वस्त कापड होतं, वर्षानुवर्षं न बदललेली यंत्रं होती, जून १९८५ च्या वस्त्रधोरणाने बदललेली बाजारपेठ होती आणि जमिनीला आलेला भाव होता. १९९१ च्या विकास नियमावलीतल्या नियम ५८ ने जमीन विकायची वाट मोकळी केली. धाग्याला दोष दिला की हे सगळे हिशेब बाजूला पडतात, आणि ज्या माणसांची देणी वर्षानुवर्षं रखडली त्यांच्यावर तो अन्याय होतो.

‘एन-९५ म्हणजे फार बारीक चाळणी’

करोनाच्या दिवसांत हा समज घरोघरी होता. चाळणीच असती तर मास्कमधून श्वास घेणं अशक्य झालं असतं. मास्कच्या मधल्या थरातले तंतू काही मायक्रॉन जाडीचे असतात, पण त्यांच्यामधल्या जागा अडवायच्या कणांपेक्षा बऱ्याच मोठ्या असतात. मोठा कण हवेबरोबर वळू न शकल्याने तंतूवर आदळतो. अगदी सूक्ष्म कण सरळ जातच नाही. हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतो आणि कुठेतरी तंतूला चिकटतो. पकडायला सर्वांत अवघड असतो तो मधल्या मापाचा, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा. एन-९५ ची कसोटी म्हणूनच त्या मापावर घेतात आणि त्यातही ९५ टक्के कण अडले पाहिजेत.

इतकं बळ तंतूंमध्ये भरलेल्या विद्युतभारामुळे येतं. तो कणांना खेचून घेतो. मास्क साबणाने धुतला किंवा त्यावर सॅनिटायझर मारला की तो भार जातो; मास्क दिसायला तसाच राहतो, गाळण मात्र ढासळते. हे त्या काळात पुरेसं सांगितलं गेलं नाही. अनेकांनी महागडे मास्क आठवडाभर धुऊन वापरले आणि आपण सुरक्षित आहोत अशा समजात दवाखान्याच्या रांगांत उभे राहिले.

हा मधला थर म्हणजे मेल्टब्लोन. वितळलेलं पॉलिप्रॉपिलीन तापलेल्या हवेच्या जोरदार झोतात उडवून ते बनवतात. १९५० च्या दशकात अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत किरणोत्सारी कण पकडण्यासाठी त्यावर काम झालं. मेल्टब्लोन हाताने सहज फाटतं, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना स्पनबाँड लावतात. दवाखान्यातले गाऊन आणि चादरीही बऱ्याचदा अशाच जोडकापडाच्या असतात.

‘सिंथेटिक म्हणजे उकडणारच’

कापूस नेहमीच्या हवेत आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. जुन्या टेरिलीनच्या शर्टात घाम पाठीवर निथळायचा तो यामुळे. पण तंतूचा छेद गोल ठेवायचा की त्याला खाचा पाडायच्या, हे तंतू ज्यातून सोडतात त्या चकतीच्या भोकाच्या आकारावर ठरतं. खाचांमधून घाम कापडाच्या बाहेरच्या बाजूला सरकतो आणि तिथे वाळतो. सुती बनियन तो शोषून धरून ठेवतं आणि जड होतं. दहीहंडीला गोविंदा पथकांचे ड्राय-फिट टी-शर्ट सरीवर सरी झेलूनही लवकर वाळतात ते म्हणून. त्यांच्यावर मंडळाचं नाव आणि फोटो इतके ठळक उठतात, कारण सब्लिमेशनची छपाई पॉलिस्टरवरच बसते, सुतावर टिकत नाही.

इथे एक सावधगिरी मनापासून सांगावीशी वाटते. गॅसपाशी आणि फटाक्यांजवळ हे कपडे नकोत. सूत पेटतं, हे कमी धोक्याचं नाही. पण पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं आणि भाजल्याची जखम खोल करतं.

‘बांबूचा कपडा नैसर्गिक’

बाजारात ‘बांबू’ म्हणून मिळणारं मऊ कापड बहुतेक वेळा व्हिस्कोस असतं. लाकडाचा किंवा बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्याचे तंतू काढतात. शहाडला रेयॉन असंच तयार होतं. कच्चा माल झाडाचा, तंतू कारखान्याचा.

‘ओले वाइप्स कागदाचे असतात, फ्लश केले तरी चालतात’

बाळाला पुसायचे ओले रुमाल बहुधा पॉलिस्टर आणि व्हिस्कोसच्या तंतूंचे असतात. पाण्याच्या बारीक, जोरदार धारांनी ते तंतू एकमेकांत गुंतवतात. याला स्पनलेस म्हणतात. पाण्याच्या माऱ्यातच घडलेलं हे कापड फ्लशच्या पाण्यात कसं सुटावं? टॉयलेट पेपर पाण्यात सुटतो, हे सुटत नाही आणि तेलकट घाणीला धरून त्याचे गोळे होतात. बीडीडी चाळीत संडास मजल्यावर सामाईक होते. पुनर्विकासात घरोघरी स्वतंत्र संडास येतो आणि वीसहून जास्त मजल्यांचं पाणी एकाच उभ्या पाइपातून उतरतं. त्यात असे गोळे अडकले तर सगळ्यांचंच तुंबतं. पाण्यात सुटतील असे आखूड सेल्युलोज तंतूंचे वाइप्सही आता बनतात, पण पाकिटावर तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर फ्लश करू नये. वापरलेला वाइप सुक्या कचऱ्यातही नको. सॅनिटरी पॅड आणि डायपरसारखा तो कागदात गुंडाळून वेगळा द्यावा.