बुरशीची प्रथिने आणि आपले आजार

वसतिगृहात राहिलेल्या माणसाला गजकर्ण म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. एका खोलीत अनेक मुले, पावसाळ्यात न वाळणारे कपडे, एकमेकांचे वापरलेले पंचे. एकाला झाले की शेजारच्याला होते. मुले संकोचाने ते लपवतात आणि पालक दुकानातून एखादे मलम आणून देतात. या दोन्ही सवयी आजार वाढवणाऱ्या आहेत. त्या का, हे बुरशीच्या प्रथिनांकडे पाहिल्यावर स्पष्ट होते. म्हणून या स्मरणिकेसाठी आम्ही हा विषय निवडला.

गजकर्णाची बुरशी त्वचेच्या वरच्या मृत थरावर, केसांवर आणि नखांवर जगते. तेथे केराटिन हे चिवट प्रथिन असते. त्याच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना जखडलेल्या असल्यामुळे ते बहुतेक जीवांना पचत नाही. ही बुरशी मात्र सल्फाइट सोडून ते बंध सैल करते आणि मग प्रथिने तोडणारी विकरे, म्हणजेच एन्झाइम, बाहेर टाकते. संशोधक बुरशीला प्रयोगशाळेत केराटिनवर वाढवतात आणि तिने भोवतालच्या द्रवात कोणती प्रथिने सोडली, हे तपासतात. शत्रूची हत्यारे मोजण्याचाच हा प्रकार. त्वचेवर उठणारी लाली व खाज हे या हल्ल्याला शरीराने दिलेले उत्तर असते. स्टिरॉइड मिसळलेले मलम ते उत्तरच दाबून टाकते. खाज थांबते, रुग्णाला बरे वाटते आणि बुरशी निर्धास्तपणे पसरत राहते.

बुरशीवरील औषधे थोडीच आहेत, याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. बुरशी ही वनस्पती नव्हे. पेशींच्या रचनेने ती जिवाणूंपेक्षा प्राण्यांना पुष्कळ जवळची आहे. तिला मारेल आणि आपल्याला इजा करणार नाही, असे लक्ष्य शोधणे म्हणूनच कठीण. टर्बिनाफिन हे औषध स्क्वालीन इपॉक्सिडेज या विकराला अडवते. त्या विकराशिवाय बुरशीला आपल्या पेशीचे आवरण नीट बांधता येत नाही. गेल्या काही वर्षांत भारतात मात्र टर्बिनाफिनला दाद न देणारे गजकर्ण मोठ्या प्रमाणावर आढळू लागले. त्या बुरशीला २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नाव मिळाले. नावातच आपला देश आला, यात अभिमानाचे काही नाही. तिच्यातील अनेक वाणांत या विकराच्या साखळीतील ३९३ व्या किंवा ३९७ व्या स्थानावरचे अमिनो आम्ल बदललेले असते. शेकडो मण्यांच्या माळेतील एकच मणी बदलतो आणि औषधाची पकड सुटते. गोळ्या अर्धवट सोडू नका, असे डॉक्टर बजावतात. अपुऱ्या औषधातून असेच वाण तगतात.

आजार कोणत्या बुरशीचा आहे, हे ओळखण्यासाठीही आता प्रथिनांचा उपयोग होतो. वाढवलेल्या बुरशीचा अंश धातूच्या पट्टीवर ठेवून त्यावर लेसरचा झोत सोडतात. सुटलेले प्रथिनांचे विद्युतभारित कण निर्वात नळीतून धावतात. हलके आधी पोहोचतात, जड नंतर. त्यातून उमटणारा आलेख प्रत्येक जातीचा जणू अंगठ्याचा ठसा असतो. प्रथिनांचे मोठे रेणू न मोडता लेसरने असे उडवता येतात, हे दाखवणारे जपानी अभियंते कोइची तानाका २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी होते. त्यांच्याकडे डॉक्टरेट पदवी नव्हती, हे आमच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे.

या पद्धतीचे मोल ‘कॅन्डिडा ऑरिस’च्या बाबतीत कळले. २००९ मध्ये जपानमध्ये प्रथम वर्णिलेली ही बुरशी रुग्णालयात एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे पसरते आणि अनेक औषधांना जुमानत नाही. जुन्या रासायनिक चाचण्या तिला भलतीच जात समजत. प्रथिनांच्या ठशावरून ती काही मिनिटांत ओळखता येते. अट एवढीच की, यंत्राच्या संग्रहात तिचा ठसा आधी नोंदलेला हवा. नोंदच नसेल, तर महागडे यंत्रही गप्प बसते किंवा चूक सांगते.

२०२१ च्या कोरोना लाटेतील म्युकरमायकोसिस महाराष्ट्र विसरलेला नाही. कित्येकांचा डोळा गेला, जबडा गेला, कित्येक दगावले. मधुमेहींनाच तो अधिक का झाला? या बुरशीच्या पृष्ठभागावर ‘कॉट-एच’ कुळातील प्रथिने असतात. ती आपल्या रक्तवाहिन्यांच्या पेशींवरील ‘जीआरपी-७८’ या प्रथिनाला चिकटतात आणि बुरशी आत शिरते. रक्तातील साखर व मोकळे लोह वाढले की पेशींवर जीआरपी-७८ चे प्रमाण वाढते, म्हणजे शत्रूसाठी जास्त दारे उघडतात. त्यात स्टिरॉइडच्या उपचाराने साखर वाढते व प्रतिकारशक्तीही मंदावते. कॉट-एच प्रथिनाला झाकून टाकणारी प्रतिपिंडे दिल्यावर प्रयोगशाळेतील उंदरांना या आजारापासून संरक्षण मिळाल्याचे आढळले आहे. माणसांसाठीचे औषध त्यातून तयार व्हायला अजून बराच पल्ला आहे. तोपर्यंत अँफोटेरिसिन, वेळेवरची शस्त्रक्रिया आणि साखरेवरचे नियंत्रण हेच उपाय हाती आहेत.