विटाळ कशाचा, दोष कशाचा? : पिण्याचे पाणी आणि त्याचे शुद्धीकरण

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ही घटना आपल्या शाळेतील लहानात लहान विद्यार्थ्यालाही ठाऊक आहे. त्यानंतर काय घडले, ते मात्र वर्गात सांगावे लागते. अस्पृश्यांच्या स्पर्शाने तळे बाटले असे मानून सनातनी मंडळींनी १०८ घागरींतून दही, दूध, शेण व गोमूत्र तळ्यात सोडले आणि मंत्रोच्चारांत पाणी ‘शुद्ध’ झाल्याचे जाहीर केले.

इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला या प्रसंगातील एक कालगणना नेहमी अस्वस्थ करते. लंडनमधील ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे पाणी पिणाऱ्यांत पटकी पसरते, हे डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये दाखवून दिले होते. रॉबर्ट कोख यांनी १८८४ मध्ये आपल्याच देशात, कलकत्त्यात, पटकीच्या जंतूचा शोध पक्का केला होता. म्हणजे पाणी कशाने दूषित होते, हे महाडच्या सत्याग्रहापूर्वी ४३ वर्षे जगाला कळलेले होते. तरीही माणसाच्या हाताने पाणी विटाळते आणि शेणाने ते शुद्ध होते, ही समजूत समाजमनावर राज्य करीत होती. पाण्याची शुद्धता ही स्पर्शाची नव्हे, तर परीक्षणाची बाब आहे, हे आपण स्वतःला आणि आपल्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगितले पाहिजे. या स्मरणिकेसाठी विषय निवडताना म्हणूनच मी पिण्याचे पाणी निवडले.

वस्तीची विहीर

माझे बालपण वाशीम परिसरातील एका खेड्यात, गावाच्या उताराला असलेल्या वस्तीत गेले. गावाची विहीर वर, आमची खाली, ओढ्याच्या काठी. पहिल्या पावसाचे पाणी गावातील उकिरडे धूत आमच्या विहिरीपाशी येई. अशाच एका मृगात माझी तीन वर्षांची धाकटी बहीण हगवण-ओकारीने दीड दिवसात गेली. घरातल्यांनी नशिबाला बोल लावला, कोणी देवीचा कोप म्हटले. विहिरीला बोल लावण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. पुढे महाविद्यालयात जॉन स्नो यांच्याविषयी वाचताना मला ती विहीर आठवली आणि पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो.

तिला वाचवण्याचा उपायही तेव्हा जगाला माहीत होता. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले होते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे पाजत राहायचे आणि विलंब न लावता दवाखाना गाठायचा. एवढे ज्ञान आमच्या वस्तीपर्यंत पोहोचले नव्हते. विद्यार्थ्यांनो, हे प्रमाण पाठ करून ठेवा.

धम्म परंपरेतील गाळणे

भगवान बुद्धांच्या संघात भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत, म्हणजे जवळ बाळगावयाच्या आठ वस्तूंत, चीवर व भिक्षापात्राबरोबर पाणी गाळण्याचे वस्त्रही आहे. पाण्यातील सूक्ष्म जीवांची हिंसा टळावी, हा त्यामागील हेतू. कान्हेरीच्या लेण्यांत दात्यांनी ‘पोढी’, म्हणजे पाण्याची टाकी, खोदून दिल्याचे शिलालेख आहेत. ज्या वाकाटक हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची उत्तम लेणी घडली, त्याची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीमच. पाण्याची निगा राखण्याचा वारसा आपल्याला परका नाही.

गाळण्याचे सामर्थ्य आधुनिक काळातही दिसून आले. नारू हा रोग पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जीवामार्फत पसरत असे. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे आणि पाणी कापडाने गाळणे, या साध्या उपायांनी तो हटला. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त घोषित झाला. बांगलादेशातील खेड्यांत जुन्या साडीच्या अनेक घड्या करून त्यातून पाणी गाळल्याने पटकीचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. मात्र गाळणे ही शुद्धीकरणाची पहिली पायरी आहे. सुटे जंतू कापडातून सहज पार होतात.

पहिला दोष : रोगजंतू

पटकी, विषमज्वर, अतिसार, कावीळ हे रोग मानवी विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून पोटात येतात. भारतीय मानक आय.एस. १०५०० नुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जिवाणू मुळीच आढळता कामा नये. आपला जिल्हा काळ्या पाषाणावर वसलेला आहे. हा खडक अखंड नसतो; त्याच्या सांधी-भेगांतून पाणी वाहते. वरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून न गाळता थेट खाली उतरते. म्हणून मृगाचे पहिले पंधरा दिवस आपल्याकडे सर्वांत धोक्याचे असतात. नळयोजना असलेल्या गावांतही नालीतून गेलेली फुटकी जलवाहिनी हाच परिणाम करते : नळ बंद असताना नालीचे पाणी आत शिरते आणि नळ सुटताच पहिल्या घागरीबरोबर घरात येते.

विहिरीसाठी उपाय आहे टी.सी.एल. म्हणजे ब्लीचिंग पावडर. विहिरीतील पाणी मोजण्याची रीत आठवीच्या विद्यार्थ्यालाही जमेल : व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ३.१४, भागिले ४. मापे मीटरमध्ये घेतल्यास उत्तर घनमीटरमध्ये येते आणि एक घनमीटर म्हणजे १००० लिटर. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल, तर ते सुमारे ३७,७०० लिटर होते. चांगल्या प्रतीची पावडर १००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते. म्हणजे या विहिरीला सुमारे ९५ ग्रॅम. पाणी गढूळ असेल, तर अधिक लागते. पावडर बादलीत कालवावी, गाळ खाली बसू द्यावा, वरची निवळी विहिरीत सोडून पाणी ढवळावे आणि किमान एक तास उपसा थांबवावा. नंतर ओ.टी. चाचणी करावी. पाण्याला पिवळी छटा आली, तरच त्यात क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे. तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा लागतो. पावडरीचे उघडे पोते ओलाव्यात महिनोन्‌महिने पडून राहिले, तर तिच्यातील क्लोरीन उडून जातो आणि उरते ती केवळ पांढरी भुकटी. अशी भुकटी नियमाने विहिरीत टाकून वहीत नोंद करणारे गाव मी पाहिले आहे.

घरातील उपाय सोपे आहेत. गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी. पण तुरटी गाळ बसवते, जंतूंचा पुरता नाश करीत नाही, हे लक्षात ठेवावे. निवळलेले पाणी उकळावे आणि खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट तसेच ठेवावे. त्याच भांड्यात झाकून थंड करावे. इंधन नसेल, तर क्लोरीनचे द्रावण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. तेही नसेल, तर स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत नितळ पाणी भरून ती दिवसभर, किमान सहा तास, कडक उन्हात आडवी ठेवावी. आपल्याकडे उन्हाची वाण नाही. आभाळ असेल, तर दोन दिवस ठेवावी.

दुसरा दोष : नायट्रेट

या दोषाला रंग नाही, वास नाही, चव नाही. कपाशी, गहू, हळद यांना दिलेल्या युरियातून, विहिरीलगतच्या उकिरड्यातून, गोठ्यातून आणि शौचालयाच्या खड्ड्यातून नायट्रेट भूजलात उतरते. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून अधिक नायट्रेट असलेले पाणी सहा महिन्यांखालील बाळाच्या पोटात गेले, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि बाळ निळसर पडते. अमेरिकेत १९४५ मध्ये हा संबंध प्रथम नोंदवला गेला आणि ती बाळे शेतावरील विहिरींचे पाणी पिणारी होती.

येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. तुरटी, क्लोरीन, कापड यांपैकी कशानेही ते हटत नाही. बाळासाठी आईचे दूध आणि घरासाठी दुसरा, तपासलेला स्रोत हाच खरा मार्ग. नाइलाज असेल, तर आर.ओ. यंत्र. कायमचा उपाय मात्र जमिनीवर आहे. उकिरडा आणि शौचालयाचा खड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर आणि उताराच्या खालच्या बाजूस असावा; युरिया एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्यावा.

तिसरा दोष : क्षार आणि फ्लोराइड

काळ्या पाषाणातील पाणी जड असते. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्याला पांढरा थर धरतो. हा त्रास आहे; पण सर्वसाधारण प्रमाणात तो विषार नव्हे. उकळल्याने जडपणा काही अंशी कमीही होतो. शेजारच्या अकोला, बुलढाणा, अमरावती जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात मात्र खारपाणपट्टा आहे. तेथील प्रश्न अधिक गंभीर आहे.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत फ्लोराइड आढळते. १.५ मिलिग्रॅमच्या वर गेल्यास मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात आणि प्रमाण फार वाढल्यास हाडे वाकतात. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत तुरटी, चुना व ब्लीचिंग पावडर यांच्या साहाय्याने ते कमी करता येते. आपल्या वसतिगृहात या भागांतूनही मुले येतात. त्यांच्या पालकांनी बोअरवेलचे पाणी अवश्य तपासून घ्यावे.

यंत्र, जार आणि माठ

आर.ओ. यंत्राने क्षार, नायट्रेट, फ्लोराइड कमी होतात, हे खरे. परंतु बरेचदा शुद्ध पाण्याइतकेच किंवा त्याहून अधिक पाणी वाया जाते. आपल्यासारख्या टंचाईग्रस्त जिल्ह्यात ते भांडी घासण्यास वा फरशी पुसण्यास वापरावे. लग्नकार्यात येणारे जार थंड असतात. थंड म्हणजे शुद्ध नव्हे.

शुद्ध केलेले पाणी बहुधा घरातच पुन्हा दूषित होते. माठात बुडालेला पेला आणि पेल्यासोबतची बोटे हे त्याचे कारण. तोटीचा माठ घ्यावा किंवा लांब दांड्याचे ओगराळे वापरावे. साताऱ्याच्या शाळेत बालपणी बाबासाहेबांना शिपाई वरून पाणी ओतेल तेव्हाच तहान भागवता येत असे. तेथे प्रश्न हात स्वच्छ आहे का हा नव्हता, तो कोणाचा आहे हा होता. आज आपल्या भोजनगृहात प्रत्येक विद्यार्थी, तो कोणत्याही जातीचा असो, साबणाने हात धुऊन एकाच माठातून पाणी घेतो. महाडचा अर्थ मला तेथे रोज दिसतो.

परीक्षण हा नागरिकाचा हक्क

महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच तळे खुले केल्याचा ठराव केला होता. पण ठराव कागदावर राहिला. न्यायालयीन लढा थेट १७ मार्च १९३७ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत चालला. हक्क मिळतो, तो बजावावाही लागतो. संविधानाच्या अनुच्छेद १५ ने विहिरी व तलाव सर्वांना खुले केले. आता त्यातील पाणी निर्धोक आहे का, हे विचारणे आपले काम आहे.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाण्याचे नमुने तपासले जातात. जलजीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. पावसाळ्यापूर्वी व नंतर होणाऱ्या स्वच्छता सर्वेक्षणावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. लाल म्हणजे तीव्र जोखीम.

विद्यार्थी मित्रहो, सुट्टीत घरी जाल तेव्हा चार प्रश्न विचारा. आपल्या गावाला कोणत्या रंगाचे कार्ड आहे? पाण्याची तपासणी शेवटची केव्हा झाली आणि तिचा अहवाल ग्रामसभेत वाचला गेला का? आज विहिरीत ओ.टी. चाचणी झाली का? आणि वस्तीच्या शेवटच्या नळाचे पाणी तपासले का? शेवटचा प्रश्न विसरू नका. नमुना बहुधा पहिल्या नळाचा घेतला जातो आणि आजारी मूल बहुधा शेवटच्या नळाजवळ राहते.