तिचा केसपेपर

महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत ‘निवृत्त दांपत्य’ या शब्दांचा अर्थ शहरातल्यापेक्षा थोडा निराळा आहे. शहरातले जोडपे तीस-पस्तीस वर्षे एका छपराखाली राहून म्हातारे होते. इकडचे जोडपे लग्नानंतर लवकरच दुरावते आणि पुरुष निवृत्त होऊन गावी परतला की पुन्हा एकत्र येते. विशी गाठण्याआधीच मुलगा मुंबईला जायचा. गिरणी, गोदी, नाहीतर एखाद्या कचेरीत शिपायाची नोकरी. राहायला गाववाल्यांची सामाईक खोली, जेवायला खानावळ. बायको गावी सासू-सासरे, गुरे, भाताची लावणी, नाचणीचे वरकस आणि मुले सांभाळायची. भेट व्हायची ती गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि काहीजण अवेळीच परतले. बाकीचे साठीला आले. म्हणजे ज्याला आपण सहवास म्हणतो, तो या घरांत साठीत सुरू होतो. तोवर दोघांच्याही सवयी घट्ट झालेल्या असतात.

असेच एक जोडपे गेली अनेक वर्षे माझ्याकडे येते. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहते. ओळख पटू नये म्हणून वाडीचे नाव देत नाही. बाबा सत्तरी ओलांडलेले, मधुमेही. मावशी चार-पाच वर्षांनी लहान. दर महिन्याला एस.टी.ने दोघे येत. बाबा तपासायच्या स्टुलावर बसत, मावशी मागे भिंतीला टेकून उभ्या. हातात पिशवी, पिशवीत बाबांची फाइल, गोळ्यांची रिकामी पाकिटे, पाण्याची बाटली. बाबांची साखर किती, पायाला जखम आहे का, रात्री लघवीला किती वेळा उठतात, या प्रश्नांची उत्तरे मावशीच देत. इतकी नेमकी माहिती देणारी बाई पाहून मला कौतुक वाटे.

तीन वर्षे मला फक्त कौतुकच वाटत राहिले, हे इथे कबूल केले पाहिजे. तीन वर्षांत मी एकदाही त्यांचा रक्तदाब मोजला नाही. त्यांचा केसपेपरच नव्हता. एका दुपारी गर्दी कमी होती आणि मावशींनी पिशवी खाली ठेवून कपाळ दाबले, म्हणून मी सहज विचारले.

“काय नाय डाक्टर, उन्हाचं डोकं दुखतंय. तुम्ही ह्यांचं बघा.”

पट्टा बांधला. १९६ आणि ११२. पाच मिनिटे बसवून पुन्हा मोजला, तेवढाच. पुढच्या तपासण्यांत हृदयाचा डावा कप्पा जाड झालेला आढळला, मूत्रपिंडाचे काम थोडे मंदावलेले आढळले. हे काही एका महिन्यात घडत नाही. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, तेव्हाही ते घडतच होते.

औषध सुरू केले. दोन महिन्यांनंतरही दाब म्हणावा तसा उतरेना, तेव्हा बाबांना बाहेर बसवून मी मावशींशी बोललो. त्या गोळी एक दिवसाआड घेत होत्या. बाबांची नियमित, स्वतःची पुरवून पुरवून. बाबांच्या हाती येणारी रक्कम मला ठाऊक होती. १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेतली किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे आणि त्यांना त्याहून फारसे जास्त मिळत नव्हते. “दोघांच्या गोळ्या कशा बसवायच्या?” असे त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या, की तो हिशेब कित्येक महिने आधी झालेला असावा. खरे तर रक्तदाबाची साधी गोळी महाग नाही आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत मिळते. पण ‘आपल्यासाठी’ म्हणून रांगेत उभे राहायची सवयच या पिढीतल्या बायकांना नाही. एक दिवसाआड घेतलेली गोळी दाब खाली-वर करत राहते. पक्षाघाताचा धोका टळत नाही, इतकेच त्यांना सांगितले. ते पटले की नाही, कळले नाही.

मग बाबांना आत बोलावले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “मला का नाय सांगितलं?” मावशींनी उत्तर दिले नाही. पस्तीस वर्षे दुखणी सांगायला माणूस समोर नव्हता. न सांगणे अंगवळणी पडले होते.

त्यानंतर बाबांनी भिंतीवरच्या कालनिर्णयात रोज दोन खुणा करायला सुरुवात केली, एक स्वतःच्या गोळीची, एक मावशींच्या. पुढचे मात्र इतके सरळ झाले नाही. आमटीत मीठ किती पडते, यावर ते लक्ष ठेवू लागले. आमच्याकडे मीठ आमटीपेक्षा सुकट, सुके बोंबील, लोणचे आणि पापडातून जास्त जाते, हे मीच त्यांना सांगितले होते. दोघांनीही दिवसाला एका लहान चमच्याच्या आत, म्हणजे पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे, हेही. चूल मात्र मावशींची होती. “एवढी वर्षं मी घर चालवलं, आता हे मला जेवण शिकवतात,” अशी तक्रार घेऊन त्या आल्या. “ऐकत तर अजिबात नाहीत,” हेही जोडले. म्हणून बाबांचे कान पाहिले. दोन्ही कान मळाने गच्च बसले होते. मळ काढल्यावर निम्मे भांडण दवाखान्यातच संपले. म्हाताऱ्या नवऱ्याचा हट्ट आणि म्हाताऱ्या नवऱ्याचा बहिरेपणा यांत फरक करायला घरच्यांना फार वेळ लागतो.

मला अशा जोडप्यांची भांडणे फारशी चिंतेची वाटत नाहीत. पुरुष दिवसभर पडवीत बसून रस्त्याकडे पाहतो, जेवण कमी होते, पहाटे तीनला जाग येते आणि कोणी काही विचारले तर ‘बरा आहे’ एवढेच म्हणतो, तेव्हा मात्र मी थांबून विचारतो. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत.

आमच्या भागात पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. २२ जुलै २०२१ ला तळिये येथे दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही कोसळली. महाड शहरात सावित्रीचे पाणी शिरले. माणसे गेली ते दुःख मोठेच. वाचलेल्यांच्या गोळ्या आणि फायली वाहून गेल्या, हे त्यानंतरच्या आठवड्यात दवाखान्यात दिसले. कोणती गोळी चालू होती, तर ‘पांढरी, बारीक’. तेव्हापासून मी मे महिन्यातच दोन महिन्यांचे औषध घेऊन ठेवायला सांगतो आणि केसपेपरचा फोटो मुलाच्या फोनमध्ये पाठवायला लावतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी वीज नसेल तेव्हा कुपी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवावी. जमिनीवर न झोपता खाटेवर, मच्छरदाणी खोचून झोपावे. मण्यार रात्री चावते आणि पुष्कळदा चावल्याचे कळतही नाही. फुरसे चावले तरी मांत्रिकाकडे न जाता १०८ ला फोन करून ग्रामीण रुग्णालय गाठावे. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग महाडच्याच डॉ. हिंमतराव बावस्करांनी जगाला दाखवला. पण रुग्ण वेळेवर पोहोचला, तरच त्याचा फायदा.

सरकारी सोयींबद्दल थोडक्यात. सत्तरीपुढच्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून निघते. पंचाहत्तरीनंतर एस.टी.चा प्रवास विनामूल्य आहे, स्त्रियांना निम्मे भाडे. वाडीतून तालुक्याला येण्याचे भाडे हेच पुष्कळदा तपासणी चुकण्याचे कारण असते, म्हणून हे सांगितले.

बाहेरगावी असलेल्या मुलांना एक विनंती. रात्रीच्या फोनवर “बाबांची साखर किती?” विचारून झाले की आईचा दाब किती, तेही विचारा. ‘बरा आहे’ हे उत्तर धरू नका, आकडा विचारा.

गेल्या महिन्यात दोघे आले तेव्हा मावशींचा दाब १३८ आणि ८४ होता. मूत्रपिंडाची तपासणी दर सहा महिन्यांनी करतो. बिघाड वाढलेला नाही, पूर्वीचा भरूनही आलेला नाही. पिशवी बाबांच्या हातात होती. मावशी सवयीने भिंतीकडे निघाल्या, तेव्हा बाबांनी स्टूल पुढे सरकवले आणि पिशवीतून आधी त्यांचा केसपेपर काढून टेबलावर ठेवला. लावणीचे दिवस जवळ आले होते. यंदा शेत अर्धेलीने देणार का, या वादावर दोघेही माझे मत विचारू लागले. मावशींना देणे मान्य नव्हते. त्यांच्या गुडघ्यांकडे बघून मी बाबांच्या बाजूने बोललो आणि चहा न घेताच दोघे उठले.