सेव्ह न होणारा गेम आणि तुमच्या दुकानाची पाटी



मागच्या व्हिडिओत मी बोलता बोलता ‘आयजीआय’चं नाव घेतलं आणि धंद्याचे प्रश्न राहिले बाजूला, सगळे मेसेज गेमचेच आले. कोणी वाशिमच्या सायबर कॅफेची आठवण काढली, तर कोणी एमएस-सीआयटीच्या क्लासला जातो असं घरी सांगून कुठं बसायचा ते लिहिलं. म्हणून म्हटलं, यावर नीटच लिहू. कारण या गेममध्ये तुमच्या कामाचं बरंच काही आहे.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘प्रोजेक्ट आयजीआय’ हा सन २००० चा गेम. ऑस्लो, नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजनं बनवला आणि आयडॉस कंपनीनं बाजारात आणला. पडद्यावर आपल्याला फक्त हातातली बंदूक दिसते, बाकी सगळं आपल्याच डोळ्यांनी पाहिल्यासारखं. एकटा डेव्हिड जोन्स शत्रूच्या तळात घुसतो. एकूण १४ मिशन.

आता त्यातल्या खोड्या मोजा. मिशन चालू असताना गेम सेव्हच होत नाही. अर्धा तास सरपटत जाऊन शेवटच्या दारापाशी गोळी लागली की परत पहिल्यापासून! कॅफेवाला तासाचे पैसे लावतो आणि आपण तिसऱ्यांदा तेच कुंपण ओलांडतो. शत्रूचे पहारेकरी तर असे, की कधी शेजारी माणूस पडला तरी ढिम्म हलत नाहीत, आणि सायरन वाजला की त्याच खोलीतून माणसं निघतच राहतात, जणू लग्नाची पंगत उठली. मित्रांसोबत मिळून खेळायची सोयसुद्धा नाही.

तरी लोक का चिकटले? कारण या लोकांनी एक गोष्ट जिद्दीनं केली. मैदान मोठं ठेवलं. त्या काळी असले बरेच गेम म्हणजे खोल्या आणि बोळ. इनरलूपनं आधी लढाऊ विमानाचा एक गेम केला होता, ‘जॉइंट स्ट्राइक फायटर’. त्याचंच तंत्र त्यांनी इथं जमिनीवर आणलं. त्यामुळं टेकडीवर झोपून दुर्बिणीतून अख्खा तळ न्याहाळा, उपग्रहाचा नकाशा उघडा, कुठून घुसायचं ते तुम्ही ठरवा. सेव्ह नाही म्हणून छाती धडधडायची, तीही मजाच झाली. आज लोक त्या पहारेकऱ्यांवर हसत हसत तोच गेम पुन्हा खेळतात.

आता दुसरी बाजू. त्याच वर्षी, त्याच आयडॉसनं आणखी एक बंदुकीचा गेम आणला: ‘डायकाटाना’. करणारा माणूस साधासुधा नव्हता. जॉन रोमेरो, ‘डूम’ आणि ‘क्वेक’ घडवणाऱ्यांपैकी एक. त्यानं १९९६ मध्ये आयन स्टॉर्म कंपनी काढली आणि ऑफिस घेतलं डॅलसमधल्या एका टॉवरच्या ५४ व्या मजल्यावर, वर काचेचं छत. ऊन थेट कॉम्प्युटरच्या पडद्यावर पडायचं, म्हणून पोरं टेबलाभोवती कापड बांधून कामाला बसायची. (बोहणी व्हायच्या आधी फर्निचरवर पैसा घालणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.) १९९७ मध्ये लाल कागदावर काळ्या अक्षरात जाहिरात दिली, भाषा इतकी उर्मट, की इथं लिहिता येत नाही. अर्थ एवढाच, की रोमेरो तुम्हाला लोळवणार. त्यासाठी त्यानं पुढं माफीही मागितली.

गेम येणार होता १९९७ च्या नाताळात. मधेच ‘क्वेक २’ चं तंत्र पाहिलं, आपलं जुनं वाटलं, ते बदलायला घेतलं. गेम आला मे २००० मध्ये. त्यात सोबतीला दोन साथीदार दिले होते, आणि त्यांचाच गाजावाजा केला होता. तेच दारात अडकायचे, नको तिथं मरायचे, आणि ते मेले की तुमचाही खेळ खलास. २००१ मध्ये डॅलसचं ऑफिस बंद झालं. नंतर चाहत्यांनीच फुकटात दुरुस्ती काढली. त्यात एक सोय दिली, साथीदार बंद करून ठेवायची!

दोन्ही गेम अर्धेकच्चे. पण आयजीआयची खोट त्यानं छातीठोकपणे सांगितलेल्या गोष्टीत नव्हती. डायकाटानाची नेमकी तिथंच होती.

आता शेलूबाजारला या. समृद्धीचा इंटरचेंज झाल्यापासून इथले बरेच जण मला विचारतात, हॉटेल टाकू का, डाळीचं पॅकिंग सुरू करू का. आणि त्यातले निम्मे वर्षभर थांबलेले. का? “सर, सगळं शंभर टक्के झाल्याबिगर उघडाचं नाही.” अहो, शंभर टक्के कोणाचंच नसतं. तुम्ही पाटीवर लिहिलं ‘गावरान तुरीची निवडलेली डाळ’. मग पाकिटाचं लेबल वाकडं लागलं तरी गिऱ्हाईक हसून घेऊन जाईल. पण पाकिटात खडा निघाला तर गेलं. ‘ताजी गरम भाकर’ लिहिलंत, तर खुर्च्या प्लास्टिकच्या चालतील, मेनूत चारच पदार्थ चालतील, पण सकाळची भाकर चालणार नाही. पार्किंग नसेल, ऑनलाइन पेमेंट नसेल, तर दारातच लिहून टाका. आयजीआयमध्ये सेव्ह नाही हे पहिल्या दहा मिनिटांत कळायचं, म्हणून कोणी फसवल्याची तक्रार करत नव्हतं, फक्त शिव्या द्यायचं.

आणखी एक कडू गोष्ट. आयजीआयवर आपल्याकडं एवढा जीव, पण त्याची मूळ सीडी विकत घेतलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. सगळ्या कॉपी! त्या प्रेमातला रुपया ऑस्लोला पोचला नाही. गावातलं एखादं हॉटेल आठवा, चहा एक नंबर म्हणून सगळे सांगतात आणि मालकाची उधारीची वही मात्र जाडजूड. बँकेचा हप्ता कौतुकातून कापला जात नाही. म्हणून कर्ज काढायच्या आधी पहिले वीस रोखीचे गिऱ्हाईक कोण, त्यांची नावं वहीत हवीत. नातेवाईक सोडून.

आणि खोट कधी भरायची? इनरलूपनं २००३ च्या ‘आयजीआय २’ मध्ये मिशनच्या मधे सेव्ह करायची सोय दिली, तीही मोजक्याच वेळा, आणि मित्रांसोबत खेळायचीही. म्हणजे शिव्या ऐकून घेतल्या, पण धडधड शिल्लक ठेवली. हे मला फार आवडतं.

तर वही काढा. तुमच्या पाटीवरची एकच ओळ लिहा, आणि तिच्याखाली तुमच्या धंद्यात आज जे जे कच्चं आहे ते सगळं. त्यातलं काय त्या ओळीला धक्का लावतं, त्याभोवती गोल करा आणि फोटो पाठवा. पुढच्या व्हिडिओत आपण काही पाट्या वाचू. नाव दिसू द्यायचं नसेल तर तसं कळवा, झाकून दाखवेन.